आपली सभा कोणाच्या सर्व्हरवर?

संपादकीय

रात्री साडेआठची ऑनलाइन बैठक होती. विषय साधा होता: पुढच्या महिन्याच्या शिबिराचा खर्च. ठरल्या वेळी दोघे जण लिंकवर आले. आवाज स्वच्छ, चित्र स्पष्ट. एकमेकांची ख्यालीखुशाली विचारून झाली, 'आज नेट छान चालतंय' असेही म्हणून झाले. तेवढ्यात तिसऱ्या कार्यकर्त्या आल्या आणि तिघांचेही पडदे काळे झाले. नावे दिसत होती, पण ना आवाज ना चित्र. त्या बाहेर पडल्या की उरलेल्या दोघांचे पुन्हा सुरळीत, त्या परत आल्या की पुन्हा सामसूम. असे चार वेळा झाले. शेवटी 'माझ्याच फोनमध्ये काहीतरी बिघाड असेल, तुम्ही चालू द्या' असा निरोप पाठवून त्या निघून गेल्या. हिशेबाची वही त्यांच्याकडेच होती.

त्यांच्या फोनमध्ये काहीच बिघाड नव्हता, हे आम्हाला नंतर कळले. आम्ही वापरत होतो तो एक सार्वजनिक, मुक्तस्रोत जित्सी सर्व्हर होता. जित्सीत दोघेच असतात तेव्हा शक्य असेल तर त्यांचे चित्र आणि आवाज एकमेकांच्या उपकरणांत थेट जातात. तिसरा माणूस आला की सगळे प्रवाह मधल्या सर्व्हरकडे वळतात. सर्व्हरच्या या भागाला 'व्हिडिओब्रिज' म्हणतात, म्हणजे पूल. त्या रात्री पूल बंद होता. दोघांना त्याची गरजच नव्हती, म्हणून त्यांना तो बंद असल्याचे कळले नाही. सर्व्हरच्या स्थितीचे पान उघडून पाहिले, तर तिथे हिरवा ठिपका होता. कारण ठिपका फक्त एवढेच सांगत होता, की वेबपान उघडते आहे.

हा प्रसंग लहान आहे. पण यंत्र बिघडले तर दोष स्वतःकडे घेऊन बाहेर पडणारा माणूस बहुधा तोच असतो, ज्याचा फोन जुना, नेट पॅक लहान आणि आत्मविश्वास कमी असतो. जी चळवळ अशा माणसांच्या बळावर चालते, तिला आपण बैठका कुठे घेतो, याचा विचार करावाच लागेल. म्हणून आजचे संपादकीय वरवर पाहता तांत्रिक विषयावर आहे.

हॉल ठरवताना आपण काय विचारायचो?

पूर्वी सभेसाठी हॉल ठरवायला कोणी गेले, की ठरलेले प्रश्न असत. खुर्च्या किती? माइक चालतो का? वीज गेली तर काय? चावी कोणाकडे? मालक कोण, आणि ऐनवेळी कोणाच्या दबावाने 'हॉल मिळणार नाही' असे सांगणार तर नाही ना? बाहेरगावच्या बायकांना शेवटची एसटी मिळेल ना? हे प्रश्न विचारायला कोणी अभियंता लागत नसे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि आपल्या बैठका, व्याख्याने, अभ्यासवर्ग, अगदी सल्ला केंद्राचे कामही पडद्यावर गेले. त्या घाईत जे हाताला लागले ते आपण वापरले आणि ते योग्यच होते. पण पुढे टाळेबंदी उठली, ऑनलाइन बैठका मात्र राहिल्या, आणि हॉलबद्दलचे ते जुने प्रश्न आपण पुन्हा कधी विचारलेच नाहीत. 'फुकटचे ते पौष्टिक' या न्यायाने जी लिंक आली तिच्यावर बोट टेकवले.

एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर समन्वय केंद्राने झूम हे सुरक्षित व्यासपीठ नसल्याचे सांगितले आणि सरकारी कामासाठी ते वापरू नये असे सुचवले. त्याच वर्षी केंद्र सरकारने देशी पर्यायासाठी स्पर्धा घेतली. ऑगस्टमध्ये निकाल लागला आणि केरळमधील आलप्पुळा येथील टेकजेन्शिया कंपनीचे 'व्ही-कन्सोल' विजेते ठरले. सरकारने आपल्या बैठकांचा विचार केला, तो करायलाच हवा. नागरिकांच्या बैठकांचा विचार नागरिकांनी करायचा आहे.

एकच सॉफ्टवेअर, अनेक मालक

मुक्तस्रोत म्हणजे ज्याची मूळ संहिता कोणीही वाचू शकतो, बदलू शकतो आणि आपल्या यंत्रावर बसवू शकतो असे सॉफ्टवेअर. व्हिडिओ बैठकांसाठी अशी दोन नावे सर्वांत परिचित आहेत. पहिले जित्सी. २००३ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्ग विद्यापीठातील एमिल इव्होव्ह या विद्यार्थ्याच्या प्रकल्पातून ते सुरू झाले. बल्गेरियन भाषेत 'जित्सी' म्हणजे तारा. २०१५ मध्ये ते अटलासियन या कंपनीकडे आणि २०१८ मध्ये एट-बाय-एट या कंपनीकडे गेले, पण संहिता खुलीच राहिली. दुसरे बिगब्लूबटन. कॅनडात ओटावा येथील कार्लटन विद्यापीठात २००७ मध्ये दूरशिक्षणासाठी त्याचे काम सुरू झाले. म्हणूनच त्यात फळा, सादरीकरण आणि हात वर करण्याची सोय केंद्रस्थानी आहे.

यातला महत्त्वाचा मुद्दा असा, की 'जित्सी' हे एका ठिकाणाचे नाव नाही. झूम म्हटले की एकच कंपनी. जित्सी मात्र हजारो ठिकाणी बसवलेले असते: कुठे विद्यापीठात, कुठे महापालिकेत, कुठे एखाद्या स्वयंसेवी गटाच्या भाड्याच्या यंत्रावर. २०२० च्या वसंतात युरोपात अशा अनेकांनी आपले सर्व्हर सर्वांसाठी खुले केले. म्युनिकच्या 'फ्रायफुंक' या सामुदायिक नेटवर्कच्या स्वयंसेवकांनी जित्सी चालवले. फ्रान्समध्ये 'फ्रामासॉफ्ट' या संस्थेची 'फ्रामाटॉक' सेवा आधीपासून होती. तिच्याच पुढाकाराने २०१६ मध्ये 'शातों' नावाने एकत्र आलेल्या लहान लहान सेवादात्यांनीही आपापली दारे उघडली. आपल्याकडे फ्री सॉफ्टवेअर कम्युनिटी ऑफ इंडियाचे स्वयंसेवक वर्गणीवर अशा सेवा चालवतात.

मग याद्या निघाल्या: कोणकोणते सर्व्हर खुले आहेत, कोणत्या देशात आहेत, कोण चालवते. अशी यादी आंब्याच्या पेटीसारखी असते. ज्या दिवशी भरली त्या दिवशी छान, पण रोज उलटून पाहिली नाही तर नासते. कोणाचे अनुदान संपले, कोणाचा एकमेव तंत्रज्ञ नोकरी बदलून गेला, कोणी 'आता फक्त आमच्या सभासदांसाठी' म्हणून दार लावून घेतले. म्हणून यादी करून भागत नाही, यादीवर पहारा ठेवावा लागतो. सर्व्हरची देखरेख आणि तुलना म्हणतात ती हीच.

काय मोजायचे?

पहिली मोजणी 'जिवंत आहे का?' याची. यासाठी अपटाइम कुमा किंवा प्रोमिथियससारखी साधने आहेत आणि तीही मुक्तस्रोतच. ती ठरावीक वेळाने सर्व्हरचे दार ठोठावतात आणि उत्तर आले की नाही याची नोंद ठेवतात. दर ५ मिनिटांनी तपासणी म्हणजे दिवसाला २८८ नोंदी. त्यातून टक्केवारी निघते आणि इथेच आपण फसतो. '९९ टक्के चालू' हे पहिल्या वर्गाचे गुण वाटतात. ३० दिवसांच्या महिन्यात त्याचा अर्थ ७ तास १२ मिनिटे बंद असा होतो. ९९.९ टक्के म्हणजे सुमारे ४३ मिनिटे. आणि बंद कधी, हे टक्केवारी सांगत नाही. पहाटे तीनला ७ तास बंद असलेला सर्व्हर आपल्याला चालेल, रविवारी सकाळी अकराला अर्धा तास बंद पडणारा चालणार नाही.

सर्व्हर बंद पडण्याचे एक अगदी नेहमीचे कारण हास्यास्पद वाटेल इतके साधे असते. संकेतस्थळाच्या सुरक्षिततेचे प्रमाणपत्र बऱ्याच ठिकाणी ९० दिवसांच्या मुदतीचे असते आणि ते आपोआप नवे होण्याची व्यवस्था कधी तरी अडते. मग ब्राउझर 'हे ठिकाण सुरक्षित नाही' असा लाल इशारा देतो आणि घाबरून लोक परत फिरतात. मुदत कधी संपते हे बाहेरून कोणालाही दिसते. म्हणजे पहारा ठेवणारा चालकाला आठवडाभर आधी कळवू शकतो.

दुसरी मोजणी पुलाची. आमच्या त्या रात्रीच्या अनुभवाचा धडा हाच. वेबपान उघडते का, हे पाहून काही कळत नाही. तीन खऱ्या उपकरणांनी खोलीत जाऊन आवाज आणि चित्र पोहोचते का, हे पाहिल्याशिवाय तपासणी पूर्ण होत नाही. त्यातले एक तरी उपकरण मोबाइलच्या नेटवर हवे. जित्सीचा पूल साधारणपणे १०००० क्रमांकाच्या यूडीपी पोर्टमधून वाहतो आणि काही कार्यालयांचे, महाविद्यालयांचे नेटवर्क तो मार्ग अडवून ठेवते. अशा वेळी टर्न सर्व्हर नावाची पर्यायी वाट लागते. चालकाने ती ठेवली आहे का, हे यादीत लिहिलेले असावे.

तिसरी मोजणी अंतराची. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते फ्रँकफर्ट सरळ अंतर सुमारे साडेसहा हजार किलोमीटर आहे. म्हणजे जाऊन येण्याला किमान ६५ मिलिसेकंद, आणि केबल सरळ रेषेत जात नसल्याने प्रत्यक्षात याहून बरेच जास्त. सर्व्हर जर्मनीत असेल, तर पुण्यात उच्चारलेले वाक्य लातूरला पोहोचण्याआधी जर्मनीला जाऊन येते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस अशी, की बोलणाऱ्यापासून ऐकणाऱ्यापर्यंतचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर संभाषण सहज वाटते. तो वाढला की दोघे एकदम बोलू लागतात, मग दोघे एकदम थांबतात, आणि ज्याचा आवाज मोठा तो पुढे रेटतो. बैठकीत मोठा आवाज कोणाचा असतो, हे वेगळे सांगायला नको. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रातील केबल तुटल्या तेव्हा भारतातील इंटरनेटलाही त्याची झळ बसली. सर्व्हर कोणत्या देशात आहे, हा प्रश्न देशाभिमानाआधी भूगोलाचा आहे.

चौथी मोजणी भाराची. अशा बैठकीत प्रत्येकाचे चित्र सर्व्हरकडे जाते आणि तिथून बाकी सर्वांकडे पाठवले जाते. १० जणांनी कॅमेरे लावले तर सर्व्हरला ९० प्रवाह बाहेर पाठवावे लागतात, २० जणांनी लावले तर ३८०. माणसे दुप्पट झाली की काम चौपटीहून जास्त वाढते. लहान चौकटीतले चित्र कमी दर्जाचे पाठवून सर्व्हर आपला भार हलका करतो, तरी गणित फार बदलत नाही. म्हणून 'किती लोक बसतात?' याचे उत्तर 'कॅमेरे किती जणांचे चालू?' यावर अवलंबून असते. वापरणाऱ्याच्या बाजूनेही हिशेब असाच आहे. आवाजाचा एक प्रवाह सेकंदाला ४० किलोबिट धरला तर तासाला सुमारे १८ एमबी लागतात. चित्राचे सेकंदाला २ मेगाबिट येत असतील तर तासाला ९०० एमबी. ज्या बाईचा दिवसाचा पॅक दीड जीबीचा आहे आणि त्यातच मुलाचा अभ्यासही आहे, तिला आपण 'कॅमेरा चालू ठेवा, बरे दिसते' असे सांगतो, तेव्हा तिच्याकडून काय मागतो याचे भान ठेवले पाहिजे.

चावी कोणाकडे?

यंत्र चालते की नाही एवढ्यावर तुलना थांबली, तर ती निम्मीच झाली. २०२० च्या जुलैत बर्लिनच्या डेटा संरक्षण आयुक्तांनी व्हिडिओ बैठकांच्या सेवांची तपासणी करून लाल, पिवळा, हिरवा असे सिग्नलचे रंग दिले. टीम्स, स्काइप आणि झूम यांना लाल रंग मिळाला आणि त्यामागे प्रामुख्याने करारातील कायदेशीर त्रुटी होत्या. जित्सी आणि बिगब्लूबटन वापरून सेवा देणाऱ्या काही लहान कंपन्यांना हिरवा मिळाला. कंपन्यांनी आक्षेप घेतले, आयुक्तालयाने पुढच्या वर्षी तपासणी पुन्हा केली. निकालाबद्दल मतभेद असू शकतात, पण पद्धत शिकण्यासारखी आहे. एका सार्वजनिक संस्थेने निकष आधी सांगितले, मग रंग दिला, आणि वाद उघड्यावर होऊ दिला.

आपल्या तुलनेत निदान पुढील गोष्टी असाव्यात. सर्व्हर कोण चालवते, आणि त्यांचे नाव-पत्ता पानावर आहे का? यंत्र त्यांचे स्वतःचे, की मोठ्या क्लाउड कंपनीकडून भाड्याने घेतलेले? नोंदी किती दिवस ठेवतात? पान उघडताच तिसऱ्याच कंपन्यांकडे माहिती जाते का? एक उदाहरण पाहा. जोडणी जुळवताना आपला पत्ता ओळखण्यासाठी स्टन नावाचा सर्व्हर लागतो, आणि एके काळी जित्सीच्या मूळ मांडणीत तो गुगलचा होता. चालकाने ती ओळ बदलली नाही, तर 'आम्ही गुगलपासून मुक्त' म्हणणाऱ्या बैठकीतील प्रत्येकाचा आयपी पत्ता गुगलच्या दारावरून जात असे. युरोपातील स्वयंसेवकांनी आपल्या याद्यांत यासाठी वेगळा रकाना ठेवला. एका रकान्यामुळे अनेक चालकांना आपली मांडणी तपासावीशी वाटते, हेच अशा यादीचे काम.

मुक्तस्रोत म्हणजे आपोआप सुरक्षित, हा समजही सोडला पाहिजे. जित्सीच्या नेहमीच्या बैठकीत आपल्या फोनपासून पुलापर्यंतचा मार्ग कुलूपबंद असतो, पण पुलावर ते कुलूप उघडते आणि पुढच्या मार्गासाठी पुन्हा लागते. म्हणजे सर्व्हर चालवणाऱ्यावर विश्वास ठेवावाच लागतो. टोकापासून टोकापर्यंत कुलूप लावण्याची सोय जित्सीत २०२० पासून आहे, पण ती मुद्दाम चालू करावी लागते, सगळ्या ब्राउझरांवर सारखी चालत नाही, आणि ती चालू असताना सर्व्हरवर ध्वनिचित्रमुद्रण होत नाही. दुसरीकडे, बंद सॉफ्टवेअरवाले जे सांगतात ते खरे की खोटे, हे बाहेरून तपासणे फार कठीण असते. टोकापासून टोकापर्यंतच्या कुलपाबद्दल झूमने निदान २०१६ पासून दिशाभूल केल्याचा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने केला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये त्यावर तडजोड झाली. मुक्तस्रोताची बाजू इतकीच, की तिथे दावा तपासता येतो. तपासायचे कष्ट मात्र कोणीतरी घ्यावे लागतात.

आणि मग चावीचा प्रश्न. जून २०२० मध्ये तियानमेन हत्याकांडाच्या स्मरणसभा घेणाऱ्या अमेरिकेतील आणि हाँगकाँगमधील कार्यकर्त्यांची खाती झूमने चीन सरकारच्या मागणीनंतर बंद केली. ओरड झाल्यावर चूक मान्य करून खाती पुन्हा सुरू केली. सभा अमेरिकेत, माणसे अमेरिकेत, आणि कुलूप भलत्याच्या सांगण्यावरून. ज्याच्याकडे एकच हॉल आहे त्याची सभा कोणीही बंद पाडू शकते. मुक्तस्रोत सर्व्हरांचे बळ त्यांच्या संख्येत आहे: एक दार बंद झाले तर त्याच पद्धतीचे दुसरे शोधता येते, नाहीच तर स्वतःचे उभे करता येते. पण दुसरे दार कुठे आहे आणि ते आज उघडे आहे का, हे माहीत असेल तरच.

दोन ऑगस्ट

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. बरोबर सहा वर्षांनी, २४ ऑगस्ट २०२३ पासून, जित्सीच्या मुख्य सार्वजनिक सर्व्हरवर निनावी खोली उघडणे बंद झाले. खोली उघडणाऱ्याला गुगल, गिटहब किंवा फेसबुकचे खाते दाखवणे भाग पडले. तारखांचा हा केवळ योगायोग, पण विचार करायला लावणारा.

इथे दोन्ही बाजू नीट पाहिल्या पाहिजेत. चालकांनी कारण दिले ते गैरवापराचे. निनावी खोल्यांत काय काय चालू शकते याची कल्पना करणे कठीण नाही, आणि आपल्या यंत्रावर ते चालू देणार नाही, असे म्हणण्याचा त्यांना हक्क आहे. शिवाय अट खोली उघडणाऱ्यापुरती होती, येणाऱ्यांना खाते लागत नव्हते. तरीही आपल्यासारख्यांसाठी प्रश्न उरतोच. नवऱ्याने घराबाहेर काढलेली बाई शेजारणीच्या फोनवरून सल्ला मागते, तेव्हा तिचे नाव कुठेही उमटू नये, ही तिच्या सुरक्षिततेची पहिली अट असते. ती खोली संस्थेने उघडली तर तिला खाते लागणार नाही, हे बरोबर. पण 'अमक्या संस्थेच्या खात्याने अमक्या वेळी खोली उघडली' ही नोंद कोणाकडे राहते? ज्याचे उत्तर आपल्याला समाधानकारक वाटेल, असा सर्व्हर आपणच निवडला पाहिजे.

पहिल्या नंबरचा धोका

देखरेख करणाऱ्यांनीही काही पथ्ये पाळली पाहिजेत. स्वयंसेवकांच्या सर्व्हरवर परवानगीशिवाय शंभर खोटी माणसे सोडून 'किती ताण सोसतो' हे पाहणे म्हणजे अन्नछत्रात जेवणाऱ्यांची रांग अडवून भांडी मोजण्यासारखे आहे. पाच मिनिटांनी एकदा दार ठोठावणे चालते. आठवड्यातून एकदा तीन माणसांनी खोलीत जाऊन पाच मिनिटे बोलणेही चालते. त्यापुढची कोणतीही चाचणी चालकाला विचारून करावी.

दुसरे पथ्य क्रमवारीचे. 'सर्वोत्तम सर्व्हर' म्हणून एकाचे नाव छापले, की सगळे तिकडेच धावतात आणि तो दुसऱ्या आठवड्यात कोसळतो. फ्रान्समधील शातोंच्या लोकांनी २०२० मध्ये यावर साधा उपाय केला. येणाऱ्याला एकाच मोठ्या दाराशी न नेता समूहातील निरनिराळ्या सर्व्हरांकडे वाटून दिले. त्यामुळे आपली यादीही गुणवत्ता यादी नसावी. 'लहान बैठकीसाठी', 'व्याख्यानासाठी', 'गोपनीय सल्ल्यासाठी' असे कामानुसार गट करावेत आणि प्रत्येक गटात तीन-चार नावे ठेवावीत.

तिसरे पथ्य पैशाचे. वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या वर्गणीवर चालणाऱ्या सर्व्हरवर आपण आयत्या बिळावरच्या नागोबासारखे बसायचे आणि एक दिवस बंद पडला की तक्रार करायची, हे शोभत नाही. महिन्याला चहाच्या खर्चाइतकी रक्कम पाठवणे बहुतेक संस्थांना जमते. चार-पाच संस्था एकत्र आल्या तर स्वतःचा सर्व्हरही अशक्य नाही. ८ जीबी रॅम आणि ४ कोअर असलेले यंत्र लहान संस्थेच्या बैठकांना पुरते, आणि मुंबईत सर्व्हर भाड्याने मिळतात. कठीण आहे ते यंत्राची काळजी घेणारा माणूस सांभाळणे. तो एकच असेल आणि त्याला मानधन नसेल, तर वर्षभरात सर्व्हरही जातो आणि माणूसही दुरावतो. हे काम दोघांत वाटून द्या, आणि त्याची गणती संघटनेच्या कामात करा.

आपण काय करणार?

या अंकापासून आम्ही एक वही सुरू करतो आहोत, आणि वाचकांनी तिच्यात भर घालावी असे आवाहन करतो आहोत. पद्धत सोपी आहे. दर आठवड्याला ठरावीक वारी, संध्याकाळी बैठकांच्याच वेळेला, तीन जणांनी एका सर्व्हरवर पाच मिनिटे भेटायचे. एक जण शहरात घरच्या वायफायवर, एक जण मोबाइल नेटवर, आणि एक जण जिथे रेंज जेमतेम मिळते अशा गावातून. नोंद पाच ओळींची. तिसरा आल्यावर आवाज टिकला का? बोलणे एकमेकांवर आदळले का? कॅमेरे बंद केल्यावर फरक पडला का? किती एमबी खर्च झाले? चालकाचे नाव आणि नोंदी ठेवण्याचे धोरण पानावर सापडले का? सर्व्हर नापास झाला तर वहीत लिहिण्याआधी चालकाला कळवायचे आणि दुरुस्त झाला तर तेही लिहायचे.

निकाल देताना एक नियम आम्ही स्वतःला घालून घेतला आहे. तिघांपैकी ज्याची जोडणी सर्वांत कमकुवत, त्याचा अनुभव हाच त्या सर्व्हरचा निकाल. सरासरी काढायची नाही. सरासरीत शहरातले वायफाय गावातल्या अडचणीला झाकून टाकते, जसे जिल्ह्याच्या सरासरी पावसात कोरडा तालुका दिसेनासा होतो.

वही भरेपर्यंत निदान तीन सवयी आजच लावून घेता येतील. प्रत्येक बैठकीच्या निरोपात दोन लिंक द्याव्यात, पहिली आणि पर्यायी, आणि दोन्ही बंद पडल्या तर कोणाला फोन करायचा तो क्रमांक. बैठकीची सुरुवात आवाजावर करावी आणि कॅमेरा ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडावा. आणि कोणी मध्येच गायब झाले, तर पुढच्या विषयाकडे जाण्याआधी त्यांना फोन करून विचारावे.

त्या रात्री आम्ही तो फोन केला नाही. 'त्यांच्याकडे रेंज नसेल' असे म्हणून दोघांनी खर्च मंजूर केला. दुसऱ्या दिवशी वही पाहिली तेव्हा कळले, की मंडपवाल्याची गेल्या वेळची थकबाकी आम्ही धरलीच नव्हती. ती गोष्ट फक्त तिसऱ्या व्यक्तीला माहीत होती.